जुन्या गाडीचं मीटर फेकू नका, उघडून साफ करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याबद्दलचा लेख आला होता. लेख चांगला होता, रंगकाम आणि इंजिनबद्दल नीट लिहिलंय, पण शेवटी एका वाक्यात म्हटलंय की डॅशबोर्डवरचे मीटर बंद पडलेले असतील तर ते दुरुस्त होत नाहीत, त्यापेक्षा नवीन डिजिटल बसवून घ्यावेत. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. हे खरं नाही. जुन्या गाडीचा मीटर बहुतेक वेळा मेलेला नसतोच, तो घाण झालेला असतो, आणि तो उघडून साफ करता येतो, घरच्या टेबलावर करता येतो, फक्त काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे आधी माहीत पाहिजे.

आमच्याकडे १९५७ ची मॉरिस मायनर आहे, ९४८ सीसीची. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात बाहेरच्या गाड्या सहज यायच्या, पलीकडे भारतात आयातीवर बंधनं होती पण इथे म्हापसा-मडगावच्या रस्त्यांवर ओपेल, फोक्सवॅगन, मॉरिस, मर्सिडीज सगळं दिसायचं, त्यामुळे आजही गोव्यात घराघरांच्या पडवीत अशा गाड्या झाकून ठेवलेल्या सापडतात. आणि सगळ्यांचं दुखणं एकच. इथली हवा. पावसाळ्यात चार महिने दमट, वर समुद्राची खारी हवा, ती मीटरच्या आत शिरते, काचेला आतून धुकट थर येतो, काच धरून ठेवणाऱ्या क्रोमच्या रिंगला हिरवट डाग पडतात, काटा अडकतो आणि मग गॅरेजवाला म्हणतो काढून टाका. मी ओळखीच्या कितीतरी गाड्यांमधे बघितलंय, बाहेरून गाडी अगदी नव्यासारखी आणि दार उघडलं की डॅशच्या मधोमध निळ्या उजेडाचा चौकोनी डिजिटल मीटर. मॉरिस मायनर ही अॅलेक इसिगोनिस या माणसाने डिझाइन केलेली गाडी, १९४८ साली बाजारात आली, दहा लाख विकली गेलेली पहिली ब्रिटिश गाडी, आणि १९५४ च्या अखेरपासून तिच्या डॅशवर मधोमध एकच मोठा गोल मीटर आहे, त्यातच वेग, त्यातच पेट्रोल, त्यातच इशाऱ्याचे दिवे. तोच काढला तर डॅशवर उरलं काय?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मधे व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले, ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी असेल तर वेगळी नोंदणी, नंबरात व्हीए ही अक्षरं, नवीन नोंदणीला २० हजार रुपये फी. त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यात बदल नको असं म्हटलंय, मीटरचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून लोक मीटरकडे दुर्लक्ष करतात असं मला वाटतं. पण मूळ रूप म्हणजे फक्त बाहेरचा पत्रा नाही ना.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. ब्रिटिश गाड्यांमधे बहुतेक स्मिथ्स कंपनीचे मीटर असतात, फियाटमधे वेग्लियाचे, जर्मन गाड्यांमधे व्हीडीओचे. मी स्मिथ्सबद्दल लिहितोय कारण त्यावर माझा हात बसलेला आहे.

सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढायची. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमधे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आपल्या आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट, हे डोक्यात ठेवा, पुढे बल्बच्या वेळी परत लागेल. मग डॅशच्या मागे हात घालून स्पीडोमीटरच्या केबलचा नट हाताने सोडवायचा, पक्कड लावायची नाही. प्रत्येक वायरला कागदी टेप लावून नाव लिहा आणि मोबाईलवर फोटो काढा, एक लांबून, एक जवळून. वायरचे रंग साठ वर्षांनी सगळे तपकिरी झालेले असतात, त्यामुळे रंगावर भरवसा नको.

मीटर हातात आला की खरं काम म्हणजे क्रोमची रिंग. इथेच जास्तीत जास्त मीटर बिघडतात. स्मिथ्सच्या पुष्कळ मीटरमधे रिंगला आतून छोटे कान असतात आणि डब्याला खाचा, रिंग फिरवली की कान खाचेसमोर येतात आणि रिंग सुटते. पण आतलं रबर इतक्या वर्षांत दगड झालेलं असतं आणि रिंग हलत नाही, मग माणूस स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायला जातो. तसं करू नका. रिंग पितळेची, पातळ, एकदा वाकली की परत गोल होत नाही आणि क्रोमही उडतं. हेअर ड्रायरने कडेकडेने गरम करा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दोन्ही हातांनी दाबून थोडं इकडे थोडं तिकडे असं हलवत राहा. फारच अडली असेल तर मीटर काच खाली करून धरा आणि रिंगच्या कडेला गंज सोडवायच्या तेलाचा एखादा थेंब काडीने लावा, फवारा मारायचा नाही, तेल आत गेलं तर डायलवर डाग पडतो आणि तो डाग कायमचा. रात्रभर ठेवा, सकाळी परत बघा. घाई नको. काही मीटरमधे कान नसून रिंगची कड मागे दुमडलेली असते, ती लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने गोल फिरत फिरत थोडी थोडी उचलायची, एकाच जागी जोर दिला की चीर जाते.

काच काढून साबणाच्या पाण्याने धुवा, सुती कपड्याने पुसा, बस्स. आतला धुकट थर बहुतेक याच धुण्यात जातो. मूळ काच तशीच ठेवा, काही मीटरच्या काचेला जो हलका फुगीरपणा असतो तो कापून आणलेल्या सपाट काचेला येत नाही.

डायल मात्र धुवायचं नाही. हे मी कळकळीने सांगतोय. आकडे डायलवर छापलेले असतात आणि ती शाई साठ वर्षांनी नुसती टेकलेली असते. काच पुसायचं निळं लिक्विड, स्पिरिट, थिनर, पेट्रोल यातलं काहीही लागलं तर आकडे बोळ्यावर येतात आणि डायल कोरी राहते. कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी फुगा घेऊन धूळ उडवा, मग मऊ कोरडा ब्रश, चित्रकलेचा चालतो. तरीही डाग राहिला तर कानातल्या कापसाच्या काडीला अगदी किंचित पाणी लावून आधी अशा कोपऱ्यात करून बघा जो रिंगखाली झाकला जातो. तिथे रंग आला तर डाग राहू द्या, डाग असलेली मूळ डायल ही कोरी झालेल्या डायलपेक्षा हजार पटीने बरी. काट्याला बोट लावू नका, त्यावरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो.

डायलच्या मागे काय आहे हे कळलं की भीती जाते. स्पीडोमीटरमधे केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाला न टेकता त्यावर अॅल्युमिनियमची छोटी वाटी असते, चुंबक फिरला की वाटीत करंट तयार होतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते, एक बारीक हेअरस्प्रिंग तिला मागे खेचून धरते, आणि वाटी जितकी वळते तितका काटा वळतो. इतकंच. वाटी आणि चुंबक यांच्यात जी बारीक फट असते तिच्यात धूळ, गंजाची पूड, घट्ट झालेलं ग्रीस गेलं की काटा अडकतो किंवा उड्या मारतो. चुंबक लोखंडाचे कण ओढून घेतो म्हणून ज्या टेबलावर कुणी कधी लोखंड घासलंय तिथे हे काम करू नका, वर्तमानपत्राऐवजी धुतलेला पांढरा कपडा अंथरा आणि चिमटा पितळेचा वापरा. चुंबक ज्या दांड्यावर फिरतो त्याच्या खालच्या बुशमधे, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या बाहीत, जुनं ग्रीस डिंकासारखं झालेलं असतं, ते काडीने काढून घड्याळाच्या तेलाचा एक थेंब द्यायचा. एकच. वाटीला, स्प्रिंगला, काट्याच्या टोकाला तेल अजिबात नको, आणि दार कुरकुरलं की मारतात तो स्प्रे तर मीटरच्या आसपासही आणू नका, काही दिवस काटा छान चालतो आणि मग धूळ बसून आधीपेक्षा वाईट अडकतो.

डायल काढायची असेल तर आधी काटा काढावा लागतो आणि तिथे एक गोष्ट फार लोक विसरतात. शून्यापाशी जी छोटी पिन असते तिच्यावर काटा थोडा दाबून टेकवलेला असतो. काढण्याआधी काटा हळूच पिनवरून उचलून पलीकडे सोडा, तो जिथे स्वतःहून थांबतो ती जागा डायलच्या कडेला टेपवर खूण करून ठेवा, आणि परत बसवताना तिथेच बसवून मग पिनच्या अलीकडे आणा. ही खूण नसेल तर मीटर चालेल पण वेग खोटा दाखवेल, आणि मुंबई-गोवा हायवेवर खोटा वेग दाखवणारा मीटर असण्यापेक्षा बंद मीटर बरा.

किलोमीटरच्या आकड्यांची चाकं ब्रशने झटका, पुसू नका. आणि आकडा बदलू नका. उघडलाच आहे तर आकडा खाली आणून द्या असं सांगणारे लोक भेटतात. गाडी कोणाला विकायची असो नसो, तो आकडा म्हणजे गाडीचा इतिहास आहे आणि तो बदलणं म्हणजे घेणाऱ्याची सरळ फसवणूक.

काटा थरथरत असेल तर मीटर उघडण्याआधी केबल बघा हे मी आधीच सांगायला हवं कारण निम्म्याहून जास्त वेळा दोष केबलचाच असतो. आतली तार बाहेर ओढून काढा, पुसा, सपाट फरशीवर लोळवून बघा, कुठे वाकलेली असेल तर तिथे उडी मारते, ती बदलावीच लागते. चांगली असेल तर हलकं ग्रीस लावा पण फक्त खालच्या, गिअरबॉक्सकडच्या दोन तृतीयांश भागाला, मीटरकडचा उरलेला भाग कोरडा ठेवा. ग्रीस फिरत फिरत वर चढतं आणि मीटरमधे शिरतं.

पेट्रोलचा काटा हा वेगळा विषय, आणि गॅरेजमधे चांगले मीटर यामुळेच फेकले जातात. आमच्या गाडीसारख्या जुन्या मीटरमधे दोन कॉइल असतात, वळणावर टाकीतलं पेट्रोल हललं की काटा लगेच हलतो. साधारण १९६४ नंतरच्या ब्रिटिश गाड्यांमधे दुसरा प्रकार आला, त्यात दोन धातूंची पट्टी गरम होऊन वाकते, तो काटा सावकाश चढतो, आणि त्याला १२ नाही तर १० व्होल्ट लागतात, त्यासाठी डॅशमागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. महत्त्वाचं असं की या दोन्ही प्रकारांची तपासणी बरोबर उलट आहे. दोन कॉइलवाल्या मीटरला टाकीकडून येणारी वायर सोडवली की काटा फुल दाखवतो आणि ती वायर बॉडीला टेकवली की एम्प्टी. पट्टीवाल्याला वायर सोडवली की एम्प्टी आणि टेकवली की फुलकडे जातो, तीही क्षणभरच टेकवायची. हे माहीत नसलेला माणूस एका प्रकारची तपासणी दुसऱ्याला करतो आणि मीटर गेलाय म्हणून जाहीर करतो. पट्टीवाल्या मीटरला बॅटरीचे थेट १२ व्होल्ट देऊन बघणं तर अजिबात नको, आतली वळसे घातलेली तार जळते. पेट्रोल आणि पाण्याच्या तापमानाचे दोन्ही काटे एकदम जास्त दाखवायला लागले तर मीटर नाही, स्टॅबिलायझर बघा.

डब्याच्या आतल्या भिंतीला पांढरा रंग असतो, उजेड परतून डायलवर पडावा म्हणून. तो पिवळा पडला की रात्री मीटर दिसत नाही आणि लोक मोठा बल्ब घालतात, त्याने डायल भाजते. मूळ बल्ब २.२ वॅटचा असतो, तोच ठेवा, आतून पांढरा रंग नवीन मारा, फरक दिसेल. एलईडी घालायचाच असेल तर वर सांगितलं ते आठवा, प्लस बॉडीला आहे, साधा एलईडी उलटा लागल्यामुळे पेटणार नाही.

परत बंद करताना नवीन रबर घ्या. सिलिकॉनची ट्यूब पिळून सील करू नका, ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून निघणारी आम्लाची वाफ आत कोंडली जाते आणि पितळ खाते. आमच्या कोकण-गोव्याकडच्या लोकांसाठी अजून एक, हे काम पावसाळ्यात करू नका, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसात करा आणि बंद करण्याआधी सगळे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. नाहीतर दमट हवा आतच बंद होते आणि पहिल्या थंड सकाळी काचेला परत धुकं.

काही गोष्टी घरी उघडूच नयेत. ज्या तापमानाच्या मीटरमधून तांब्याची बारीक नळी थेट इंजिनपर्यंत जाते ती नळी ईथरने भरून सील केलेली असते, ती कापली किंवा मोडली की मीटर संपला, जाणकार माणूसच ती परत भरू शकतो. तसंच जुन्या एमजी गाड्या आणि बीएसए, नॉर्टनसारख्या मोटरसायकलींवर क्रोनोमेट्रिक स्पीडोमीटर असतो, ज्याचा काटा सलग न चढता थांबत थांबत चढतो, त्यात पूर्ण घड्याळाची यंत्रणा आहे, ते काम घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कसबी माणसाकडेच द्या.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट रेडियमची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी जीप, विमानं आणि काही युद्धापूर्वीच्या गाड्या यांच्या मीटरवर अंधारात चमकण्यासाठी रेडियम मिसळलेला रंग लावायचे. असे मीटर आज जुन्या बाजारात सर्रास मिळतात आणि पोरं हौसेने घेतात. तो रंग आता चमकत नाही म्हणून लोकांना वाटतं की त्यातलं रेडियम संपलं. तसं नाही. चमकणारा होता तो झिंक सल्फाइड, तो थकला, रेडियम तसंच आहे, त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षांचं आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात १९२० च्या आसपास घड्याळांच्या डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी सारखं करायच्या आणि त्यातल्या कितीतरी जबड्याची हाडं झिजून, कॅन्सर होऊन गेल्या, हा इतिहास आहे. म्हणून ज्या जुन्या मीटरच्या आकड्यांवर आणि काट्यावर जाडसर, पिवळट-तपकिरी, भेगाळलेला रंग दिसतो तो उघडायचा नाही, खरवडायचा नाही, फुंकर तर मुळीच मारायची नाही, त्याची पूड श्वासात जाणं हाच खरा धोका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, मुलांपासून लांब ठेवा, आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे त्याबद्दल विचारा. आमच्या मॉरिससारख्या पन्नाशीच्या दशकातल्या साध्या घरगुती गाडीच्या डायलवर असा जाड रंग नाही, आकडे साधे छापलेले आहेत, पण आपण काय उघडतोय हे प्रत्येकाने आधी नीट बघावं. आपल्या लेखात याबद्दल एक ओळही नव्हती, ती असायला हवी होती.

आता माझं मागणं. पूर्वी प्रत्येक शहरात एखादा तरी मीटर दुरुस्त करणारा असायचा, टॅक्सी आणि ट्रकवर त्याचं चालायचं. आता गाड्यांमधे सगळं सर्किट आलंय आणि ती माणसं म्हातारी झालीत, त्यांच्याकडे शिकायला कोणी येत नाही. आपल्याकडे आयटीआयमधे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, ती मुलं कारखान्यातले प्रेशर गेज आणि तापमानाचे मीटर उघडायला शिकतातच, गाडीच्या ऑइल प्रेशरच्या मीटरमधे तीच वाकडी बोर्डन नळी असते, दाब वाढला की सरळ होऊ पाहणारी. त्याच वर्गात जुन्या गाडीच्या मीटरवर दोन-चार प्रॅक्टिकल घेतली तर वेगळी मशिनरी लागत नाही, आणि व्हिंटेज नोंदणी सुरू झाल्यापासून या कामाला गिऱ्हाईकही आहे, आमच्यासारखे मालक चार पैसे जास्त द्यायला तयार आहेत. आपल्या वर्तमानपत्राने गोवा आणि सिंधुदुर्गातल्या आयटीआयच्या प्राचार्यांना याबद्दल विचारावं आणि ते काय म्हणतात ते छापावं. ज्या जुन्या मीटरवाल्यांकडे हे हात अजून आहेत त्यांना गाठून, त्यांची परवानगी घेऊन, पुरवणीत त्यांच्या कामावर सविस्तर लिहावं. शिकवण्यासाठी उघडायला मीटर लागतील तर माझ्याकडे भंगारातून जमवलेले स्मिथ्सचे काही जादा मीटर आहेत, ते मी आनंदाने देईन, पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
म्हापसा, गोवा